फोटो नसलेलं काम

उत्कृष्ट स्वयंसेवक पुरस्काराचा प्रस्ताव ज्यांनी कधी तयार केलाय त्यांना माहीत असेल, फाइल जाड होते ती फोटोंनी. वृक्षारोपण, रक्तदान, श्रमदान, प्रभातफेरी, शिबिराचा समारोप. हल्ली नुसता फोटो चालत नाही, जिओटॅग लागतो. कोपऱ्यात अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. पुरावा मागणाऱ्यांचं चुकतं असं मला म्हणायचं नाही. कागदावर झाडं लावणारे आपल्याकडे काही कमी नाहीत. पण आमच्या कॉलेजातल्या काही मुलामुलींनी एक काम हाती घेतलंय आणि त्या कामाचा फोटो काढता येत नाही. काढला तर ते कामच उरत नाही.

मी तालुक्याच्या गावी मराठी शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी आहे. आमचे स्वयंसेवक आसपासच्या हायस्कुलांत आठवी ते दहावीच्या वर्गांवर जातात आणि मोबाइलवरून होणाऱ्या छळाबद्दल बोलतात. कुणाच्या नावानं खोटा आयडी निघालेला असतो, कुणाचा डीपी उचलून ग्रुपवर टाकलेला असतो, कुणाच्या रंगावरून, जातीवरून, तोतरेपणावरून मीम फिरत असतं. एखाद्या मुलीला वर्गाच्या ग्रुपमधून काढून टाकतात आणि तिच्याशिवायचा नवा ग्रुप तिच्याच नावानं काढतात. मोठ्यांना ही पोरखेळातली भांडणं वाटतात. पण शाळेतलं भांडण पूर्वी घंटा झाली की शाळेत राहायचं. आता ते दप्तराबरोबर घरी येतं, जेवताना ताटाशेजारी वाजतं आणि रात्री उशाशी असतं.

बोलणं झालं की स्वयंसेवक वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटतात. प्रत्येकानं काहीतरी लिहायचंच. सांगण्यासारखं काही नसेल तर आवडत्या खेळाडूचं नाव लिहायचं. त्यामुळे कोण लिहितंय आणि कोण नुसतं बसलंय यावरून कुणाला ओळखता येत नाही. ही युक्ती आमच्या दुसऱ्या वर्षाच्या एका स्वयंसेविकेची. प्रशिक्षणाच्या कुठल्याही पुस्तिकेत मी ती वाचलेली नाही. मागच्या बाकावर बसणाऱ्या, कायम कुणाची तरी नजर चुकवणाऱ्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवल्याशिवाय अशी गोष्ट सुचत नाही.

चिठ्ठ्यांच्या ढिगात मग स्मृती मानधना निघते, रोहित शर्मा निघतो, कुणी गावच्या कबड्डीपटूचं नाव लिहिलेलं असतं. आणि एका चिठ्ठीत, वहीच्या समासाएवढ्या जागेत, लिहिलेलं होतं: "ताई फोटो माझा नाही पण तोंड माझं आहे."

ती चिठ्ठी कुणाची हे शोधायला कुणीही वर्गात नजर फिरवली नाही. शाळा सुटल्यावर अर्धा तास आम्ही ग्रंथालयात बसणार आहोत, ज्यांना स्पर्धा परीक्षांची माहिती हवी असेल त्यांनी यावं, एवढं सांगितलं. हेही ठरवून. ग्रंथालयात गेलेल्या मुलीला बाहेर कुणी विचारलं तर तिच्यापाशी सांगण्यासारखं कारण हवं. मुलगी आली, मैत्रिणीचा हात धरून. तिनं फोन काढून पुढे केला, तसं आमच्या स्वयंसेविकेनं तो तिच्याच हातात हलकेच उलटा ठेवला आणि म्हणाली, "मला दाखवायची गरज नाही. तू म्हणतेस ना, मग आहे."

मी पुस्तकांच्या कपाटाशी उभी होते. त्या वाक्यानं त्या मुलीचे खांदे कसे खाली आले ते मला दिसलं. इतके दिवस तिच्या मनात एकच भीती असणार, की मदत मागायची तर तो फोटो आणखी एकाला दाखवावा लागेल.

स्वयंसेविका तसं वागली त्यामागे माया होती तशीच शिकवणही होती. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीचा अश्लील फोटो, मग तो जोडतोड करून बनवलेला का असेना, पुढे पाठवणं किंवा बाळगणं गुन्हा ठरू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67-बी त्याबद्दलच आहे, आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यात 2019 साली जी दुरुस्ती झाली तिनं असे बनवलेले फोटोही व्याख्येत घेतले. म्हणजे "मला व्हॉट्सअॅपवर पाठव, मी बघते" असं म्हणणारा चांगल्या मनाचा दादा किंवा ताई स्वतः अडचणीत येऊ शकते, आणि तो फोटो आणखी एका फोनमध्ये जाऊन बसतो तो वेगळाच. म्हणून आमच्याकडचा पहिला नियम: फोटो आपल्या फोनवर घ्यायचा नाही, बघायचासुद्धा नाही.

दुसरा नियम पाळायला त्याहून अवघड. मुलं आधी एकच मागणी करतात, "शप्पथ घ्या, कुणालाच सांगणार नाही." आणि ही शपथ घ्यायची नाही. लहान मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती कळल्यावर ती पोलिसांना देणं पॉक्सोच्या कलम 19 नं बंधनकारक आहे, आणि ते समजून घेतलेलं बरं. आमची मुलं म्हणतात, "ज्यांना सांगावंच लागेल तेवढ्यांनाच सांगू, आणि त्यांना सांगण्याआधी तुला सांगू." एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी रडणाऱ्या नववीतल्या मुलीला खोटं आश्वासन न देता धीर द्यायचा. सभागृहात भाषण ठोकणं याच्यापुढे काहीच नाही.

मग पुढचं. आयडीचं नाव, लिंक, तारीख, वेळ मुलीच्याच फोनवर जपून ठेवायची. संतापानं सगळं डिलीट करायचं नाही, कारण पुरावा जातो. समोरच्याला उत्तर द्यायचं नाही. पुरावा ठेवून झाल्यावर ब्लॉक करायचं. प्लॅटफॉर्मकडे तक्रार करायची. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी असा फोटो हटवायला त्यांना 24 तासांची मुदत घालून दिली होती. ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सोय आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्रानं चालवलेली. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. मुलीच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, फक्त तो ठसा कंपन्यांकडे जातो आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारखी सामील झालेली ठिकाणं तो जुळवून फोटो हटवतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे, आणि मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा 14416. हे सगळं आमच्या मुलांना तोंडपाठ आहे. कायद्यात काय उरलेलं नाही हेही. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-ए सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. ज्या प्रकरणानं तो वाद पेटला ते आपल्या पालघरचं, 2012 मधलं, एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना झालेल्या अटकेचं. आजही कुणी कुणी पालकांना सांगतं, "66-ए लावू." आमची मुलं अदबीनं म्हणतात, "ते आता नाही, काका."

या सगळ्यातलं सर्वांत जड काम म्हणजे आईबापांशी बोलणं. मुलीला बदनामीइतकीच भीती असते ती "फोन काढून घेतील आणि शाळा बंद करतील" याची. आणि ती भीती खोटी नसते. त्या दिवशी संध्याकाळी आमची स्वयंसेविका, शाळेतल्या बाई आणि मी त्या मुलीच्या घरी गेलो. वडील ओट्यावर होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "हिनं काय केलं?" असा. स्वयंसेविका म्हणाली, "काका, हिच्या दप्तरातून कुणी वही चोरली असती तर तुम्ही हिला विचारलं असतं का, तू काय केलंस म्हणून?" ते काही बोलले नाहीत. आईनं मात्र आतून येऊन मुलीला जवळ घेतलं. पुढे तक्रार झाली, फोटो हटला, मुलगी शाळेत राहिली. यापेक्षा जास्त मी इथे सांगणार नाही, कारण सांगायला लागले तर आमच्या भागातले लोक गाव ओळखतील, आणि गाव ओळखलं की घर.

माझी अडचण इथेच आहे. या कामात यश आलं म्हणजे कुणाला काही कळलं नाही. छळ थांबला, मूल पुन्हा हसायला लागलं, परीक्षेला बसलं. न घडलेल्या गोष्टीचा अहवाल कसा लिहायचा? प्रस्तावात रकाना असतो "लाभार्थी संख्या". नाव गुप्त ठेवणं हेच ज्या कामाचं सत्त्व आहे, त्याच्यासाठी तिथे काय लिहावं?

बांगलादेशातल्या नडाइल जिल्ह्यातल्या सादात रहमान या मुलाची गोष्ट मी स्वयंसेवकांना दरवर्षी सांगते. पंधरा वर्षांच्या एका मुलीनं ऑनलाइन छळापायी जीव दिल्याचं त्यानं ऐकलं आणि मित्रांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. ‘सायबर टीन्स’ नावाचं अॅप काढलं. त्यात इंटरनेट सुरक्षितपणे कसं वापरावं याची माहिती, आणि त्रास होत असेल तर गुपचूप कळवण्याची सोय. कळवलं की तरुण स्वयंसेवकांची फळी पुढे येते आणि पोलिस, समाजसेवक यांच्यापर्यंत ते मूल पोचतं. पोलिस ठाण्याची पायरी चढायला घाबरणाऱ्या, घरी सांगायला त्याहून घाबरणाऱ्या मुलामुलींसाठी मधला एक दुवा. 13 नोव्हेंबर 2020 रोजी त्याला आंतरराष्ट्रीय बाल शांतता पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तो 17 वर्षांचा होता. पुरस्कार दिला मलाला युसुफझाईनं. तिला स्वतःला तो 2013 मध्ये मिळाला होता. आदल्या वर्षीच्या मानकऱ्यांत ग्रेटा थुनबर्ग होती. सादातच्या कामाची ओळख करून देताना सांगितलं गेलं की 300 हून अधिक मुलांना मदत मिळाली आणि आठ जणांना अटक झाली.

मला या पुरस्काराचा मनापासून आनंद झाला होता. आपल्या शेजारच्या देशातल्या एका लहान जिल्ह्यातल्या मुलानं, कुठल्याही मोठ्या शहराच्या पाठबळाशिवाय हे उभं केलं, आणि त्याची दखल जगानं घेतली. अशी दखल घ्यायलाच हवी. युनिसेफनं 2019 मध्ये 30 देशांतल्या तरुणांना विचारलं होतं. एक तृतीयांशाहून अधिक जण म्हणाले की आम्ही ऑनलाइन छळ सोसलाय, आणि पाचांतला एक म्हणाला की त्यापायी शाळा बुडवली. एवढ्या मोठ्या दुखण्यावर औषध म्हणून जी पोरं स्वतःचा वेळ देतात, त्यांना पाठीवर थाप मिळाली तर आणखी दहा जण पुढे येतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण सादातची गोष्ट सांगून झाली की मी मुलांना एक विचारते. त्या आठ अटका सगळ्यांना समजतात. त्या तीनशे मुलांपाशी रात्री जागून कोण बसलं असेल? अॅपच्या पलीकडे एकेक संदेश वाचणारं, "आहेस ना? जेवलास ना?" विचारणारं कुणीतरी असणारच. त्यांची नावं कुठल्याही बातमीत नाहीत.

कॅनडातली गोष्टही मला प्रिय आहे. 2007 साली नोव्हा स्कोशिया प्रांतात नववीतला एक मुलगा गुलाबी शर्ट घालून शाळेत आला म्हणून काहींनी त्याला छळलं. डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस या बारावीतल्या दोघांनी दुकानातून 50 गुलाबी शर्ट आणले आणि रात्रीतून वर्गमित्रांना ऑनलाइन निरोप धाडले. दुसऱ्या दिवशी शाळेत जिकडेतिकडे गुलाबी रंग. त्यातूनच पुढे ‘पिंक शर्ट डे’ सुरू झाला. याची दखल घेणं सोपं, कारण ते डोळ्यांना दिसलं. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्या दोघांचं पहिलं पाऊल. दोघंही छळणाऱ्यांच्या मागे लागले नाहीत. बघ्यांना त्यांनी आपल्या बाजूला ओढलं. आमच्या वर्गांतही छळणारे दोन-तीन असतात, सोसणारा एक, आणि उरलेले पन्नास हसण्याची इमोजी टाकून मोकळे होतात. खरं काम त्या पन्नासांवर आहे.

आपल्याकडेही ही पायवाट पडते आहे. मुंबईची ‘रिस्पॉन्सिबल नेटिझम’ संस्था कितीतरी वर्षं शाळांतून फिरते आहे. पुण्याच्या क्विक हील फाउंडेशननं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना तयार करून शाळांत पाठवण्याची रीत पाडली. कॉलेजची मुलं शाळेतल्या मुलांना सांगतात, यातच त्याची ताकद आहे. माझ्यासारख्या पन्नाशीच्या बाईनं इन्स्टाग्रामबद्दल चार शब्द सांगितले की वर्ग मान डोलावतो आणि विसरतो. ताई-दादांनी सांगितलं की ऐकतो.

मात्र त्या ताई-दादांचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. आमच्या एका स्वयंसेवकानं, शेतकरी घरातला, अबोल मुलगा, एका आठवीतल्या पोराला रोज रात्री मेसेज पाठवून सांभाळलं. त्या पोराच्या चालण्यावरून व्हिडिओ काढून टाकले जायचे. काही दिवसांनी हा मुलगा माझ्या तासाला पेंगायला लागला. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, रात्री फोन सायलेंटवर टाकायची भीती वाटते. त्याचा मेसेज आला आणि मी झोपलेलो असलो तर?" राष्ट्रीय सेवा योजनेच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे चोवीस तास, स्वयंसेवक आठही प्रहर सेवेला हजर, असं आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या शताब्दीच्या वर्षात ही योजना सुरू झाली, तेव्हा श्रमदान आणि साक्षरतेचा विचार करून ते चिन्ह आलं असेल. त्या पोरानं ते अक्षरशः खरं केलं होतं. आणि एकट्यानं करायला नको होतं.

त्यानंतर आम्ही पाळ्या लावल्या. कुणीही एकटं एखाद्या मुलाची जबाबदारी घेत नाही, दोघं मिळून घेतात. रात्री दहानंतर काही तातडीचं आलं तर ते थेट माझ्याकडे किंवा हेल्पलाइनकडे जातं. महिन्यातून एकदा तालुक्यातल्या एक समुपदेशक येतात, त्या शाळकरी मुलांसाठी नव्हे, आमच्या स्वयंसेवकांसाठी. ज्यांना वाचून त्रास झाला, ज्यांच्या स्वतःच्या जुन्या जखमा उघड्या झाल्या, ते बोलतात. या कामाला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी स्वतः कधीतरी सोसलेलं असतं. माझ्या मते सन्मान म्हणून काही द्यायचं असेल तर हे आधी द्यावं: झोप, सोबत आणि ऐकणारं कुणीतरी. शाल-श्रीफळ त्यानंतर.

शाल-श्रीफळही द्यावं, का नाही! राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास सेवेचे धरतात, दोन वर्षांचे 240. चिठ्ठ्या वाचण्यात, ग्रंथालयात बसण्यात, पोलिस ठाण्याच्या बाकावर वाट बघण्यात गेलेले तास आम्ही आता त्यात धरतो. डायरीत फक्त "समुपदेशन सहाय्य" आणि वेळ लिहितो. गाव नाही, शाळा नाही, नाव नाही. पुरस्काराच्या प्रस्तावात फोटोऐवजी मुख्याध्यापकांचं पत्र जोडतो, त्यात एवढंच असतं की या विद्यार्थ्यानं आमच्या शाळेत जबाबदारीचं आणि गोपनीय काम विश्वासानं केलं. असं पत्र जिओटॅगच्या बरोबरीनं धरावं, असं मी विद्यापीठालाही लिहिलंय. जिथे काम खरंच गुप्त आहे तिथे माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, आणि एवढा विश्वास आपण ठेवू शकलो पाहिजे.

आणखी एक करतो. वर्षाअखेरीस स्वयंसेवकांच्या घरी पत्र पाठवतो, हातानं लिहिलेलं, आईबापांच्या नावानं. कारण घरी बहुतेकांना "सारखा मोबाइलवर असतो" एवढंच दिसत असतं. त्या अबोल मुलाच्या आईला पत्र दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं. नंतर बाजारच्या दिवशी ती कॉलेजवर आली, पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "मला वाटायचं पोरगं वाया चाललंय."

यंदा नवीन मुलं नोंदवून घेताना एक पेच आला. एका अर्जात, "तुम्हाला हे काम का करायचं आहे?" या प्रश्नापुढे एका मुलानं लिहिलं: "दहावीत असताना मी एका मुलाचं मीम पेज चालवायचो. त्यानं शाळा सोडली." खाली सही. जुन्या स्वयंसेवकांत यावरून दोन तट पडले. काहींना तो नको होता, आणि त्यांचा राग मला समजतो. त्यातल्या दोघांनी स्वतः असं पेज सोसलंय. बाकीच्यांचं म्हणणं, वर्गातल्या त्या हसणाऱ्या पन्नासांशी बोलायला याच्यासारखा माणूस मिळणार नाही. बरंच बोलणं झालं. मी त्याला घ्यायचं ठरवलंय. चिठ्ठ्या तो वाचणार नाही, सोसलेल्या मुलांबरोबर बसणार नाही, तो भाग आमच्या जुन्या ताई-दादांचाच. त्यानं मुलांच्या वर्गांवर जायचं आणि पेज कसं सुरू झालं, पहिल्या दिवशी किती जण हसले, आणि कुणी एक जण जरी "बंद कर" म्हणाला असता तर आपण थांबलो असतो का, हे सांगायचं. पहिला वर्ग पुढच्या गुरुवारी आहे, नववी ब.